खटखटीआडचं गाणं

निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशाला देतात, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या निरोप समारंभात विचारत आलो होतो. माझ्या वेळी गप्प बसलो. त्याच आठवड्यात मुलीने पुण्याहून हेडफोन पाठवले. आजूबाजूचा आवाज गाळून टाकणारे. वर फोनवर सूचना : "बाबा, आता तुमचं ते निवांत ऐका."

'तुमचं ते' म्हणजे पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, डीप पर्पल, क्वीन. भिवंडीत, मागांच्या कारखान्याला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन खोल्यांत, ऐंशीच्या दशकात एका मराठी मुलाने ही मंडळी का ऐकली, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मलाही नाही. गेले काही महिने मात्र दुपारचं जेवण झालं की एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न उठता, असा परिपाठ ठेवलाय. त्यात जे लक्षात आलं ते लिहून काढतो. आकडे घातलेत ते फळ्यावर लिहायच्या जुन्या खोडीने. त्यात लहानमोठं काही नाही.

१. जो अल्बम मला तोंडपाठ आहे असं मी चाळीस वर्षं सांगत आलो, त्याची सुरुवात मी कधी ऐकलीच नव्हती. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ सालचा. माझ्या लेखी तो एका किंचाळीने सुरू व्हायचा. कुणीतरी किंचाळतं आणि वाद्यं येतात, बस्स. परवा हेडफोन लावले, बटण दाबलं, तर काहीच वाजेना. फोन बिघडला म्हणून मी तो दोनदा तळहातावर आपटला, आमच्या पिढीची ती पहिली दुरुस्ती. मग लांबून, अगदी लांबून, काळजाचे ठोके यायला लागले. ते जवळ आले, त्यात घड्याळांची टिकटिक मिसळली, गल्ल्याचा खणखणाट, कुणाचं तरी हसणं, आणि मग माझी ओळखीची किंचाळी. मिनिटभराचा ऐवज, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तो गेला कुठे होता? कुठेच नाही. आमच्या भिंतीपलीकडे चोवीस माग चालायचे. मागाचा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि दर फेकीला लाकडावर लाकूड आपटतं. कारखान्यात उभं राहिलं तर आवाज शंभर डेसिबलच्या घरात. भिंतीअलीकडे जो उरायचा त्याला आम्ही शांतता म्हणायचो. फळीवरचे पेले त्या शांततेत दिवसभर किणकिणत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत कुणी जिवापाड जपून मुद्रित केलेले ते ठोके आमच्या बोळापर्यंत आले असतील, पण आत शिरायला त्यांना जागा नव्हती. किंचाळी तेवढी शिरली. भिवंडीत शिरायचं तर किंचाळावंच लागतं.

आता कुणी भिवंडीकर विचारेल, मग शुक्रवारचं काय? शुक्रवारी आमच्याकडचे माग बंद असत, खरं आहे. पण शुक्रवारी वीजही बंद असे, आणि सेलवर टेप लावायची परवानगी घरात फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी होती.

२. खराब कॅसेटमधली खराबीसुद्धा पाठ होते, आणि ती चांगल्या प्रतीत सापडली नाही की चुकल्यासारखं वाटतं. ही कॅसेट माझी नव्हती. दोन बोळ पलीकडे राहणाऱ्या माझ्या मोमीन मित्राची होती. त्याच्या कुवेतच्या चाचांनी ती भरून आणली होती. अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा आणि कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. शहाणा माणूस मूळ तबकडीची बाजू संपते तिथे थांबतो नि कॅसेट उलटतो. चाचा शहाणे नव्हते, उदार होते. टेप संपेपर्यंत त्यांनी गाणं जाऊ दिलं. त्यामुळे 'अस अँड देम' हे गाणं ऐन रंगात, चौथ्या-पाचव्या मिनिटाला, खटकन मरायचं. कॅसेट उलटली की मधला तुकडा गायब नि पुढचं सुरू. आज ते गाणं सलग ऐकताना नेमक्या त्या जागी माझा अंगठा आपोआप हलतो. बायकोने विचारलं, मुंग्या येतात का?

आणि दुसऱ्या बाजूला अल्बम संपल्यावर सतरा-एक मिनिटं उरत. कोरी टेप वाया घालवणं चाचांच्या स्वभावात नव्हतं; त्यांनी तिथे साबरी ब्रदर्सची कव्वाली भरली होती. माझ्यासाठी तो अल्बम असा आहे : किंचाळी, घड्याळं, गल्ला, खटक, वेड, ग्रहण, आणि मग टाळ्या नि हार्मोनियम. हे असंच असतं, इंग्लंडमध्येही असंच ऐकत असणार, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

(गुंतलेली टेप पेन्सिलीने गुंडाळायची गोष्ट मी सांगणार नाही, ती सगळेच सांगतात. आमच्याकडे पेन्सिल लागत नसे. कांडी असायची, धोट्यात सुताची घालतात ती लाकडी. तिचं निमुळतं टोक चाकात घातलं की काम झालं.)

३. माझ्या वाट्याला आलेली एकमेव खरी शांतता मी वाया घालवली. मे १९८४. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसलो होतो आणि भिवंडी दंगलीने पेटली. पुढे आग कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत गेली. तो इतिहास लिहिणारे लिहून गेलेत. मला आठवतं ते हे, की संचारबंदी लागली आणि सगळे माग एकदम थांबले. शहरात माग लाखांनी, आणि सगळे गप्प. त्या दिवशी मला प्रथम कळलं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ वाजतं. शेजारच्या काकूंचा नळ ठिबकतो. माझे वडील, अण्णा, झोपेत कण्हतात.

कॅसेट माझ्याकडे होती. ते ठोके ऐकण्याजोगी तीच एक वेळ होती. आई म्हणाली, टेपला हात लावायचा नाही, आवाज बाहेर जाईल. तिने कॅसेट तांदळाच्या डब्यात तळाशी घातली, दागिने ठेवावेत तशी. हे कुणापासून लपवत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. वरचं नाव उर्दूत लिहिलेलं होतं, एवढंच.

ही आठवण मी इतक्या वर्षांत बऱ्याच जणांना सांगितली आणि दर वेळी तांदळाच्या डब्यापाशी थांबलो. पुढचं असं, की संचारबंदी उठल्यावरही आठवडाभर मी त्या दोन बोळांपलीकडे गेलो नाही. गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. सगळे मालेगावला त्याच्या मामूंकडे गेल्याचं शेजाऱ्याने सांगितलं, आणि सांगताना मला आत बोलावलं नाही. पावसाळा सरल्यावर ते परत आले. मी कॅसेट द्यायला गेलो, तिला तांदळाचा वास येत होता. तो म्हणाला, "सुनी क्या?" मी हो म्हणालो.

४. अण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हे लक्षात यायला ते जाऊन अकरा वर्षं व्हावी लागली. अण्णा एका कारखान्यात हिशेब लिहायचे आणि गुरुवारी भजनात तबला धरायचे. माझ्या गाण्यांना ते 'डबे' म्हणत. एकदा रात्री खतावणी घेऊन बसले होते आणि त्याच अल्बममधलं 'मनी' लागलं होतं, ज्याची सुरुवात नाण्यांच्या नि गल्ल्याच्या आवाजांनी होते ते. अण्णांचं डोकं वहीत, पण डाव्या हाताचं बोट मांडीवर पडत होतं. एक दोन तीन, एक दोन, एक दोन. मला वाटलं पैसे मोजतायत. थोड्या वेळाने न बघताच म्हणाले, "आता सरळ झालं. बंद कर, झोपा."

परवा ते गाणं नीट ऐकलं आणि मी चरकलो. गाणं सात मात्रांचं आहे. रॉक म्हणजे चाराच्या पटीत, हा सर्वसाधारण रिवाज. हे सातात चालतं. आमच्या रूपकासारखं, तीन-दोन-दोन. सॅक्सोफोनही सातातच वाजतो, आणि गिटारची पाळी येते तेव्हा गाणं चारात जातं. 'सरळ झालं' ते तिथे! कुठे कुणी समीक्षक शोधून काढेल ती गोष्ट खतावणीवरून मान न उचलता आमच्या अण्णांनी पकडली होती, आणि मी त्यांना संगीतातलं काही कळत नाही म्हणून कॉलेजात विनोद करत होतो. पुढे वाचलं की ते गल्ल्याचे आवाज पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सने टेपच्या तुकड्यांवर घेतले, पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले, चिकटवून त्यांचं कडं केलं आणि तेच फिरवत ठेवलं. मोजून कापायचं, जोडायचं, फिरवायचं. अख्ख्या भिवंडीचा धंदा तोच. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वॉटर्सला कामावर घेतलं असतं.

५. मी जे शब्द गात होतो ते त्या गाण्यांत नाहीत. फोनवर आता गाण्याखाली शब्द सरकतात, ती सोय मी सुरू करायलाच नको होती. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, गाणारे साहेब दातांत बोलणारे, आणि मध्ये माग. तेव्हा ऐकू न आलेल्या जागा मी घरच्या मालाने भरल्या होत्या. झेपलिनच्या एका गाण्यात मला स्वच्छ 'वाशिंद' ऐकू यायचं. दुसऱ्या एका गंभीर गाण्यात 'भेंडी'. खरे शब्द वाचल्यावर आदर वाढायला हवा होता. काही ठिकाणी वाढला, काही ठिकाणी वाशिंदच बरं होतं.

'द वॉल'चं मात्र वेगळं. पिंक फ्लॉइडचाच १९७९ चा अल्बम, त्यातलं शाळेवर भडकलेलं गाणं आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर बाकं बडवत म्हणायचो. त्याचे शब्द मला तेव्हाही बरोबर येत होते. त्यावर विश्वास ठेवून बी.एड. केलं आणि एकतीस वर्षं मुलांना 'रांगेत चला' सांगितलं. त्या गाण्यात कोरसला लंडनमधल्या एका शाळेतली खरीखुरी मुलं आहेत. आता ऐकताना माझं लक्ष गाण्याकडे राहतच नाही. कोण बेसूर आहे, कोण नुसते ओठ हलवतोय, मागच्या रांगेत कोण हसतंय, हेच शोधत बसतो.

६. दूरदेशीचं म्हणून ज्याला हात जोडले ते बरंचसं शेजारी घडलेलं होतं. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा मुद्रित केली, आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात चक्क वाजवलंही. मी तेव्हा पाच वर्षांचा, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर बोळात गोट्या खेळत होतो. ती मुद्रणं पेटीत पडून राहिली आणि 'कोडा' या अल्बमच्या २०१५ च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. ऐकताना मजा येते. मूळ 'फोर स्टिक्स'मध्ये ड्रमवाला दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवतो, म्हणून ते नाव. इथे तबल्याला त्या चालीशी झटापट करावी लागलीय, आणि ती ऐकू येते. आमच्या भजनी मंडळात नवा पेटीवाला आला की असंच व्हायचं.

आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी. मूळचा फारुख बलसारा, झांझिबारचा पारशी, शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच त्याने पोरांचा पहिला बँड काढला, 'द हेक्टिक्स'. मी सहली घेऊन सात-आठ वेळा पाचगणीला गेलो असेन. टेबललँडवर मुलांना ज्वालामुखीचा खडक दाखवला, भूगोलाचं सगळं सांगितलं, स्ट्रॉबेरी खाल्ली. ज्याचं पोस्टर माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं त्याची शाळा तिथेच आहे हे मला ठाऊक नव्हतं. कळल्यावर नववीच्या वर्गात मोठ्या थाटात सांगितलं. मागून आवाज आला, "सर, रीलवर आलं होतं."

तेव्हा आम्हाला कळायचं कसं? भिवंडीहून एसटीने कल्याण, लोकलने व्हीटी, तिथून पायी काळा घोडा, आणि ऱ्हिदम हाउस. तिथे काचेच्या खोलीत बसून विकत घेण्याआधी ऐकता यायचं. पहिल्या खेपेला मी पाऊण तास दाराशीच उभा राहिलो, कारण आत शिरणाऱ्यांच्या पायांत बूट होते. दुसऱ्या खेपेला शिरलो, कॅसेट मागितली, न ऐकताच घेतली आणि बाहेर आलो. ऐकून नको म्हणायची हिंमत नव्हती. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा बऱ्याच लोकांनी त्या खोल्यांबद्दल हळवं होऊन लिहिलं. मी ते वाचून आतून त्या खोल्या कशा दिसत असत ते समजून घेतलं.

७. काही सूर नको तिथे वाजतात. त्या न ऐकता घेतलेल्या कॅसेटवर, डीप पर्पलच्या 'मशीन हेड'वर, 'स्मोक ऑन द वॉटर' होतं. गिटार हातात धरणारा प्रत्येक मुलगा आधी त्याच गाण्याचे पहिले सूर काढतो. गोष्ट खरी घडलेली. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. हे लोक तिथे अल्बम करायला गेले, आणि मुद्रणाच्या आदल्याच दिवशी तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअरची बंदूक उडवली. कॅसिनो जळला. तळ्यावर पसरणारा धूर यांनी हॉटेलातून पाहिला. मग एका रिकाम्या हॉटेलाच्या बोळवजा मार्गिकांत गाद्या लावून अल्बम पुरा केला.

भिवंडीच्या भोवती आता गोदामंच गोदामं. मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे, तुम्ही मोबाइलवर जे काही मागवता ते यातून कुठूनतरी निघतं. आणि या गोदामांना आगी लागतात. गच्चीवर गेलं की उन्हाळ्यात कधीतरी काळा धूर दिसतो, आणि धूर दिसला की माझ्या डोक्यात ते सूर सुरू होतात. तिकडे कुणाचं काय जळतंय, आत रात्रपाळीची पोरं होती की नव्हती, हे मनात येण्याआधी. एकदा तर मी पायाने ठेका धरला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

८. सगळंच टिकलेलं नाही. डीप पर्पलच्या जपानमधल्या मैफिलींचा अल्बम आम्ही वेदासारखा मानत होतो. त्यातला ड्रमचा तो लांबलचक एकल प्रकार सुरू झाला की आता मी उठून गॅसवर चहा ठेवतो आणि चहा गाळून येईपर्यंत तो संपलेला नसतो. झेपलिनच्या काही गाण्यांत बाई म्हणजे नुसता माल आहे. सोळाव्या वर्षी शब्द कळत नव्हते, ही सबब मी मुलीपुढे वापरली. ती म्हणाली, "सूर तर कळत होता ना?" यावर उत्तर सुचलं तर कळवीन.

९. म्हातारपणाची गाणी तरुण लोक लिहितात, हे मला फार लागलं. 'डार्क साइड'मधलं 'टाइम' हे गाणं. सुरुवातीला घड्याळं एकदम वाजतात, ती ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानातून एक-एक करून टिपलेली. पुढे जे गाणं येतं ते, वाट पाहता पाहता आयुष्य निघून गेलेल्या माणसाबद्दलचं आहे. सोळाव्या वर्षी ते मी अण्णांकडे बघून म्हणायचो. चाळिशीत सहकाऱ्यांना लागू करायचो. आता दुपारी खुर्चीत बसून ऐकतो, समोर भिंतीवर शाळेने दिलेलं घड्याळ, आणि दुसऱ्या कुणाला लागू करावं असा माणूस सापडत नाही. आणि ते लिहिलं तेव्हा वॉटर्सला तिशीही लागली नव्हती! त्या वयात मी बी.एड.च्या पाठांचे तक्ते रंगवत होतो. त्याला हे आधी कसं कळलं याचा मला रागच आला. मग वाटलं, त्याला तरी कळलं होतं की नुसतं सुचलं होतं, कोण जाणे. वर्गात असं होतं कधी कधी. एखादं पोरगं निबंधात म्हाताऱ्यासारखं वाक्य लिहून जातं आणि विचारलं तर म्हणतं, "असंच लिहिलं, सर."

१०. आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं असं होत नाही. तो मित्र अजून भिवंडीतच आहे. वडिलांच्या पश्चात त्याने माग चालवले. सुताचा भाव, विजेचं बिल आणि सुरतेचं कापड यांनी एकेक करून ते बंद पाडले. शेवटचे बारा त्याने तीन वर्षांपूर्वी भंगारात दिले, वजनावर. तिथे आता एका कंपनीचे खोके राहतात आणि तो भाडं घेतो. त्याचे कान गेलेत. मागवाल्यांचे जातातच, त्यात कुणाला नवल वाटत नाही. कारखान्यात ते खुणांनी आणि ओठ वाचून बोलतात, बाहेर आले की ओरडून. हॉटेलात आम्ही चहा घेतो तेव्हा त्याची खाजगी गोष्ट कल्याण नाक्यापर्यंत जाते.

गेल्या महिन्यात मी हेडफोन घेऊन त्याच्या गोदामात गेलो. मनात थोडी बढाई होती. तुझ्याच कॅसेटमधलं, तुलाही ठाऊक नसलेलं काही दाखवतो. थोडी धाकधूकही होती, की याला ते ऐकूच येणार नाही आणि उगाच वाईट वाटेल. खोक्यांच्या थप्पीवर बसवलं, कानांवर लावलं, सुरू केलं. मला बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं, मी नुसता त्याचं तोंड बघत होतो. काही सेकंद गेले असतील. त्याने डोळे मिटले आणि तळहाताने खोक्यावर हलकेच ठोका धरला. धप्-धप्, धप्-धप्.

नंतर एका डॉक्टरला विचारलं. गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. खालचे, जाड आवाज बराच काळ टिकतात. पुढे 'टाइम'ची ती सगळी घड्याळं वाजली तेव्हा तो ढिम्म होता, हे मी पाहिलं होतं. पक्षी, दाराची घंटी, नातीचं बोलणं, यांतलं त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नाही. ठोके शाबूत होते.

"ये शुरू में दिल है, मालूम था तेरे को?" मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडलो.

त्याने एका कानावरचं सरकवलं. "मालूम था म्हणजे? मैंनेच बोला था तेरे को. कॅसेट दी तब. चाचा के घर सुना था कुवेत में, एसी लगा के, सब बंद करके." आणि मग, रागाने नव्हे, नुसती नोंद केल्यासारखं, "तूने सुना नहीं."

खरं असेल. कॅसेट त्याने मला कारखान्याच्या दारात दिली होती, आत चोवीस माग चालू होते, आणि त्याचे ओठ हलत होते एवढं मला आठवतं. मी मान डोलावली होती.

उरलेला अल्बम त्याने सगळा ऐकला. मी थप्पीच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिलो, हमाल आत-बाहेर करत होते, कुणीतरी चहा आणून ठेवला. फोनवर वेळ सरकताना दिसत होती, त्यावरून मी अंदाज बांधत होतो, आता गल्ला, आता सरळ झालं, आता खटक. बेचाळिसावं मिनिट गेलं, त्रेचाळिसावं गेलं. पडदा थांबला. त्याने हेडफोन काढले नाहीत. मी खूण केली, झालं म्हणून. त्याने डोळे न उघडता हात वर केला.

"रुक," तो अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कव्वाली आने दे."